खांद्याजवळ दंड मोडला तर: ऑपरेशन कधी, कोणतं आणि कशासाठी

पडल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी फोन येतो आणि बोलणाऱ्याचा आवाज घाबरलेला असतो. "डॉक्टर, आईचा हात पार कोपरापर्यंत काळानिळा पडलाय. आता छातीवरही उतरलंय. आतून अजून रक्त वाहतंय का हो?"

मोडलंय खांद्याजवळ आणि काळं पडलंय कोपराशी, म्हणून घरचे हादरतात. बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. मोडलेल्या हाडातून निघालेलं रक्त स्नायूंच्या थरांमधून हळूहळू झिरपतं. रुग्ण दिवसभर झोळीत हात घालून बसलेला असतो, त्यामुळे ते उताराने कोपराकडे आणि बरगड्यांकडे जातं आणि तिथे कातडीखाली दिसू लागतं. दोन-तीन आठवड्यांत हिरवं-पिवळं होत ओसरून जातं. हात गार पडला, बोटं पांढरी दिसू लागली, बोटं हलेनाशी झाली किंवा दंडाची सूज ताणून टणक होत चालली, तर मात्र फोनवर बोलत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावं.

त्याच फोनवर दुसरा प्रश्न हमखास येतो. "एका डॉक्टरांनी ऑपरेशन लगेच करा म्हटलं, दुसरे म्हणाले झोळीवरच ठेवा. खरं कोणाचं मानायचं?"

हा गोंधळ मी वर्षानुवर्षं पाहतोय आणि त्यात रुग्णाची काहीच चूक नाही. दोन्ही डॉक्टर प्रामाणिक असू शकतात. खांद्याजवळचं फ्रॅक्चर हा हाडांच्या शास्त्रातला असा कोपरा आहे जिथे चांगले, अनुभवी सर्जनही एकाच एक्स-रेकडे पाहून वेगवेगळा सल्ला देतात. त्याचं कारण कळलं की पुढचे निर्णय बरेच सोपे होतात. ते कारण समजायला आधी खांद्याच्या आत डोकवावं लागेल.

एक गोळा, दोन उंचवटे आणि एक दांडा

दंडाचं हाड वरच्या टोकाला एका गुळगुळीत गोळ्यात संपतं. हा गोळा खवाट्याच्या हाडावरच्या खळग्याला टेकलेला असतो. खुब्यात हीच रचना खोल वाटीसारखी आहे, तिथे गोळा आत गच्च बसतो. खांद्यातला खळगा मात्र पसरट बशीसारखा उथळ आहे. म्हणून तर हात डोक्यावर जातो, पाठीमागे जातो, गोल फिरतो. पण बशीत ठेवलेलं लिंबू जसं कधीही घरंगळेल, तसा हा गोळाही घरंगळला असता. त्याला जागेवर धरून ठेवतात ते चार स्नायू. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात.

या चार स्नायूंचे दोरखंड, म्हणजे टेंडन, गोळ्याच्या बाजूला असलेल्या हाडाच्या दोन उंचवट्यांवर रुजलेले असतात. बाहेरच्या बाजूला मोठा उंचवटा, त्यावर तीन टेंडन. पुढच्या बाजूला छोटा उंचवटा, त्यावर एक. दोघांच्या मधल्या खाचेतून दंडाच्या बेडकुळीचा एक टेंडन वर जातो. उंचवट्यांच्या खाली हाड निमुळतं होत दांड्याला मिळतं. सगळ्यात जास्त वेळा मोडतं ते याच निमुळत्या जागी. डॉक्टर तिला 'सर्जिकल नेक' म्हणतात.

बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 साली एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. हा भाग वाटेल तसा फुटत नाही. लहानपणी जिथे हाडाचे वेगवेगळे भाग वाढून एकमेकांना जुळले, साधारण त्याच रेषांवरून तो पुन्हा सुटतो. त्यामुळे मुख्य तुकडे चारच: गोळा, मोठा उंचवटा, छोटा उंचवटा आणि दांडा. पुढे 1970 साली न्यूयॉर्कचे चार्ल्स नीअर यांनी याच चार तुकड्यांवर आधारलेली वर्गवारी मांडली. आजही रिपोर्टवर 'टू पार्ट', 'थ्री पार्ट', 'फोर पार्ट' असं लिहिलेलं दिसतं, ते तिथूनच आलं. यात एक बारीक खोच आहे. नीअर यांच्या हिशेबात तुकडा 'वेगळा' मोजायचा तो 1 सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला किंवा 45 अंशांपेक्षा जास्त वाकला तरच. म्हणजे एक्स-रेत चार भेगा दिसत असल्या तरी काही सरकलं नसेल, तर ते 'वन पार्ट' फ्रॅक्चर. रिपोर्टमध्ये 'अनेक तुकडे' हे शब्द वाचून धसका घेऊ नये तो यासाठी. हे 1 सेंटिमीटर आणि 45 अंश कुठल्या प्रयोगातून आलेले नाहीत, ते सोयीसाठी ठरवले होते, हे पुढे खुद्द नीअर यांनीच सांगितलं. मोठ्या उंचवट्याच्या बाबतीत तर आता बहुतेक सर्जन 5 मिलिमीटरलाही महत्त्व देतात. तो एवढासा जरी वर सरकून जुळला, तरी हात उचलताना वरच्या हाडाच्या छपराला अडकतो.

आता खरी मेख. हाड मोडल्यावर हे तुकडे मोडले तिथेच पडून राहत नाहीत. प्रत्येकाला कुणीतरी ओढत असतं. मोठ्या उंचवट्याला त्याचे तीन टेंडन वर आणि मागे खेचतात. छोट्याला त्याचा टेंडन आत, छातीच्या बाजूला खेचतो. दांड्याला छातीचा मोठा स्नायू पुढे आणि आत ओढून घेतो. आणि गोळ्याला एकही टेंडन उरला नसेल, तर तो बिचारा मध्येच एकटा पडतो.

म्हणून खांद्याच्या फ्रॅक्चरमध्ये 'हाड जुळलं का' हा प्रश्न अर्धाच आहे. खांद्याजवळचं हाड भुसभुशीत असतं, त्यात रक्त भरपूर असतं आणि ते बहुतेकदा जुळतंच. उरलेला अर्धा प्रश्न असा की उंचवटे जागेवर जुळले का. ते जागेवर असतील तर कफचे स्नायू पुन्हा कामाला लागतात आणि हात वर जातो. ते भलत्याच जागी जुळले, तर एक्स-रेत हाड पक्कं दिसतं आणि माणसाला स्वतःचे केस विंचरता येत नाहीत.

गोळ्याचा रक्तपुरवठा

ऑपरेशनचा निर्णय अवघड करणारी दुसरी गोष्ट म्हणजे रक्त. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या हाडाला वेढा घालून पुढून आणि मागून येतात. बरीच वर्षं असं मानलं जायचं की पुढून येणारी वाहिनीच मुख्य आहे. 2010 साली मृतदेहांच्या खांद्यांवर केलेल्या बारकाईच्या अभ्यासात दिसलं की गोळ्याचं साधारण 64 टक्के रक्त मागच्या वाहिनीतून येतं. पुढची वाहिनी तुटूनही अनेकांचा गोळा का जगतो, याचं उत्तर त्यातून मिळालं.

गोळा जगेल की वाळेल याचा अंदाज सीटी स्कॅनवरून बांधता येतो. सर्जन राल्फ हर्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली यासाठीच्या खुणा सांगितल्या. गोळ्याला आतल्या, म्हणजे काखेकडच्या बाजूने खाली हाडाची शेपटी चिकटून राहिली आहे का, ते पाहायचं. ती 8 मिलिमीटरपेक्षा आखूड असेल आणि आतल्या बाजूचा जोड 2 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल, तर रक्त तुटल्याची शक्यता मोठी. या खुणा दुखापतीच्या दिवसाबद्दल बोलतात, पुढच्या वर्षांबद्दल नाही. त्याच गटाने नंतर दाखवलं की सुरुवातीला रक्त तुटलेले काही गोळे नीट बसवल्यावर पुन्हा सावरतात. त्यामुळे सीटी पाहून 'गोळा मेला' असा निकाल कुणी लगेच दिला, तर तरुण रुग्णाच्या बाबतीत तरी मी तो तसाच मान्य करत नाही.

बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही

हे ठळकपणे सांगायला हवं, कारण मोडलेलं हाड म्हणजे ऑपरेशन अशी समजूत घट्ट बसली आहे. खांद्याजवळची बरीचशी फ्रॅक्चरं फारशी सरकलेली नसतात. वयस्कर बाई घरातच चालताना अडखळते, हात पुढे टेकते किंवा खांद्यावरच आपटते, हाड मोडतं पण एकमेकांत रुतून बसतं. अशा वेळी झोळी, वेदनाशामक औषधं आणि लवकर सुरू केलेला व्यायाम एवढ्यावर भागतं. लहान मुलांच्या बाबतीत तर निसर्गच निम्मं काम करतो. दंडाच्या हाडाची जवळजवळ 80 टक्के वाढ याच वरच्या टोकाकडून होते, त्यामुळे वाकडं जुळलेलं हाडही वाढता वाढता सरळ होत जातं.

पण जे सरकलेले आहेत त्यांचं काय? हाच प्रश्न घेऊन ब्रिटनमध्ये 'प्रोफर' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2015 साली आले. सर्जिकल नेकपाशी हाड सरकलेले 250 रुग्ण घेतले. निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना झोळीवर ठेवलं, आणि कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं. पुढच्या दोन वर्षांत वेळोवेळी रुग्णांना खांद्याबद्दल बारा प्रश्न विचारले. 48 पैकी सरासरी गुण पडले ते ऑपरेशनवाल्यांना 39.07 आणि झोळीवाल्यांना 38.32. म्हणजे फरक नाहीच म्हणा. पाच वर्षांनंतरही चित्र तसंच राहिलं.

यावरून 'खांद्याचं ऑपरेशन निरर्थक आहे' असं म्हणणारे भेटतात. त्यांचं म्हणणं मला पटत नाही, कारण या अभ्यासात कोण नव्हतं तेही पाहायला हवं. गोळा खळग्यातून निखळलेले रुग्ण त्यात नव्हते. ज्यांना ऑपरेशन हवंच असं सर्जनला स्पष्ट दिसत होतं, तेही बाहेर ठेवले होते. सहभागी रुग्णांचं सरासरी वय 66 होतं. पुढे ज्या उलट्या सांध्याबद्दल सांगणार आहे, त्याची तुलनाही त्यात झालेली नव्हती. प्रोफरने शिकवलं ते एवढंच की हाड सरकलंय म्हणून ते प्लेटने बसवलंच पाहिजे, असं मध्यम वयापुढच्या माणसांत गृहीत धरू नये. माझ्या मते एवढं शिकवलं तरी ते खूप मोठं आहे.

मग ऑपरेशन कोणाला?

काही वेळा चर्चेला वावच नसतो. हाड कातडी फाडून बाहेर आलंय, मोठी रक्तवाहिनी तुटलीय, किंवा हाड मोडून गोळा खळग्याबाहेर निखळलाय आणि तसा आत जात नाही. फिट येऊन किंवा विजेचा झटका बसून खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो आणि साध्या एक्स-रेत तो चुकतो, हे इथेच सांगून ठेवतो. फिट आल्यानंतर कुणाचा हात बाहेरच्या बाजूला वळतच नसेल, तर दुसऱ्या कोनातून एक्स-रे काढायला सांगा.

यापलीकडे गोळ्याचाच भाग फुटलेला असणं, उंचवटा बराच वर सरकलेला असणं, दांडा आणि गोळा यांचा एकमेकांशी संपर्कच न उरणं, ही ऑपरेशनकडे झुकवणारी कारणं. पण ती तागडीत टाकताना समोरचा माणूसही टाकावा लागतो. पस्तिशीतल्या सुताराचा खांदा आणि 84 वर्षांच्या, काठी घेऊन घरातल्या घरात फिरणाऱ्या आजींचा खांदा, एक्स-रे अगदी सारखा असला तरी उपचार सारखे नसतील. हाडाचा कस, मधुमेह, धूम्रपान, मोडलेला हात उजवा की डावा, आधी त्या खांद्याचा टेंडन फाटलेला होता का, आणि ऑपरेशननंतर तीन-चार महिने नेमाने व्यायाम करणं या माणसाला जमणार आहे का, हे सगळं त्यात येतं. म्हणून दोन डॉक्टरांची मतं वेगळी पडतात. एकाने हाडाकडे जास्त पाहिलेलं असतं, दुसऱ्याने माणसाकडे.

घाई किती? निखळलेला सांधा आणि तुटलेली रक्तवाहिनी यांना तासांचा हिशेब. बाकी बहुतेक ऑपरेशनं पहिल्या एक-दोन आठवड्यांत करतात. तीन आठवडे उलटले की तुकडे मऊ हाडाने एकमेकांना चिकटू लागतात आणि ते सोडवून जागेवर आणणं कठीण होतं. म्हणजे दुसरा सल्ला घ्यायला दोन-चार दिवस हाताशी असतात. ते वापरावेत.

प्लेट आणि स्क्रू

फार वेळा होणारं ऑपरेशन हे. खांद्याच्या पुढच्या बाजूला, छातीचा स्नायू आणि खांद्याचा टोपीसारखा डेल्टॉइड स्नायू यांच्या मधल्या फटीतून आत शिरतात. या वाटेने स्नायू कापावा लागत नाही, बाजूला सारावा लागतो. काही सर्जन बाहेरच्या बाजूने डेल्टॉइडच्या तंतूंमधून जातात. त्या वाटेवर एक धोका दबा धरून असतो: डेल्टॉइडला चालवणारी नस खांद्याच्या टोकापासून साधारण 5 ते 7 सेंटिमीटर खाली आडवी जाते.

आत गेल्यावर पहिलं काम प्लेटचं नसतंच. पहिलं काम दोऱ्यांचं. मोठ्या उंचवट्याचा तुकडा मागे, वर, नजरेआड गेलेला असतो. त्याला चिमट्याने धरून ओढलं तर वयस्कर माणसाचं हाड चुऱ्यासारखं फुटतं. म्हणून सुई हाडातून घालायची नाही. टेंडन जिथे हाडात रुजतो, त्या चिवट पांढऱ्या कडेतून जाड, न विरघळणारा दोरा ओवायचा. असे दोन-तीन दोरे वरून-मागून, एखादा पुढच्या छोट्या उंचवट्याच्या टेंडनमधून. मग सहायक ते दोरे हळूच ताणतो, आणि लगाम खेचल्यावर घोडं वळावं तसा तो हरवलेला तुकडा मागून वळसा घेत आपल्या जागी येतो. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय, तरी त्या क्षणी श्वास रोखला जातो. कारण रुग्णाचा हात पुढे किती वर जाणार, हे बरंचसं तिथेच ठरत असतं.

त्यानंतर गोळा उचलून दांड्यावर सरळ बसवायचा, बाहेरच्या बाजूला प्लेट लावायची, गोळ्यात स्क्रू घालायचे आणि ते दोरे प्लेटच्या बारीक छिद्रांतून बांधून टाकायचे. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ज्या 'लॉकिंग प्लेट' आल्या, त्यांच्या स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि ते प्लेटमध्ये घट्ट बसतात. जुन्या पद्धतीत स्क्रूची सगळी भिस्त हाडाच्या पकडीवर असायची, आणि भुसभुशीत मातीत ठोकलेल्या खुंटीसारखा तो सैल व्हायचा. नव्या पद्धतीत प्लेट आणि स्क्रू मिळून एकच सांगाडा होतो.

यातून एक नवीन दुखणंही जन्माला आलं. हाड ठिसूळ असेल तर गोळा हळूहळू खाली बसतो, पण स्क्रू मागे सरकत नाहीत, कारण ते प्लेटला जखडलेले असतात. मग त्यांची टोकं गोळ्याच्या गुळगुळीत पृष्ठभागातून बाहेर येतात आणि समोरचा खळगा खरवडतात. प्लेटच्या ऑपरेशननंतर पुन्हा ऑपरेशन करावं लागतं त्यामागे हे मोठं कारण असतं. ते टाळण्यासाठी स्क्रू पृष्ठभागाच्या काही मिलिमीटर अलीकडेच थांबवतात, ऑपरेशन चालू असताना एक्स-रे यंत्राखाली हात फिरवून प्रत्येक टोक तपासतात, आणि काखेकडच्या बाजूने गोळ्याला खालून टेका देणारा एक-दोन स्क्रू मुद्दाम तिरपा घालतात. आतली बाजू चुरडली असेल तर हा टेका फार मोलाचा. काही वेळा पोकळी भरायला हाडाचा तुकडाही आत ठेवतात.

तारा आणि सळई यांबद्दल थोडक्यात. बारीक तारा कातडीतूनच घालून तुकडे अडकवता येतात, चिरा छोटा राहतो. पण त्यासाठी हाड बऱ्यापैकी पक्कं हवं आणि तारा सैल होण्याचा धोका असतो. सळई हाडाच्या पोकळीतून वरून खाली घालतात. सर्जिकल नेकपाशी दोनच तुकडे असतील, किंवा मोड दांड्यात खालपर्यंत गेली असेल, तर ती छान काम देते. फक्त मोठा उंचवटाच सुटला असेल तर कधी दोऱ्यांनी, कधी दोन स्क्रूंनी काम होतं.

गोळाच बदलावा लागला तर

गोळ्याचे तुकडे झाले असतील किंवा तो जगण्याची आशा नसेल, तर कृत्रिम सांधा बसवतात. याचा इतिहास जुना आहे. 1893 साली पॅरिसच्या ज्यूल-एमिल पेआन यांनी क्षयाने खांदा नासलेल्या एका माणसाला प्लॅटिनम आणि कडक रबर यांचा सांधा बसवला होता. जंतुसंसर्गामुळे साधारण दोन वर्षांनी तो काढावा लागला. फ्रॅक्चरसाठी धातूचा गोळा रुळवला तो नीअर यांनीच, 1950 च्या दशकात.

ही झाली अर्धी बदली: गोळा नवा, समोरचा खळगा आपलाच. दिसायला सरळ वाटतं. पण तो नवा गोळा चालवणार कोण? तेच कफचे स्नायू. उंचवटे धातूभोवती बांधायचे, ते तिथे जुळले तर हात वर जातो. वयस्कर माणसांत ते बरेचदा जुळत नाहीत किंवा विरून जातात. मग दुखणं कमी होतं, पण हात खांद्याच्या उंचीलाही पोचत नाही.

ही कोंडी फोडली ती फ्रान्समधल्या दिजाँचे पॉल ग्रामाँ यांनी, 1985 च्या सुमारास. त्यांनी सांधाच उलटा केला. गोळा खवाट्याच्या हाडावर बसवला आणि वाटी दंडाच्या हाडावर. याने होतं काय? हात ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू आत सरकतो, दंड थोडा खाली येतो आणि वरचा डेल्टॉइड ताणला जाऊन त्याला जास्त जोर मिळतो. दरवाजा बिजागरीजवळ धरून ढकलण्याऐवजी दूरच्या कडेला धरून ढकलावा तसं. कफ निकामी असला तरी एकटा डेल्टॉइड हात उचलू शकतो. मुळात हा सांधा कफ फाटून झिजलेल्या खांद्यांसाठी होता, नंतर तो फ्रॅक्चरसाठीही वापरात आला.

नॉर्वेमध्ये 65 ते 85 वयाच्या 124 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा उलटा सांधा आणि प्लेट यांची थेट तुलना केली. हाड बरंच सरकलेले रुग्ण त्यात घेतले होते. दोन वर्षांनी खांदा किती काम देतो याचे शंभरपैकी गुण होते उलट्या सांध्याचे 68 आणि प्लेटचे 54.6. हा फरक रुग्णाला रोजच्या कामात जाणवेल एवढा आहे. म्हणून वयस्कर माणसाचं हाड फार सरकलेलं, चुरडलेलं असेल आणि ऑपरेशन करायचंच ठरलं असेल, तर आज बरेच सर्जन प्लेटपेक्षा याकडे वळतात. मात्र ऐंशीच्या पुढे, गरजा मोजक्या असतील तर, झोळी आणि उलटा सांधा यांत फरक फार थोडा राहतो.

उलट्या सांध्याच्याही मर्यादा आहेत. हात वर जातो, पण बाहेरच्या बाजूला किंवा पाठीमागे वळवणं बरेचदा कमी पडतं. म्हणून इथेही मोठा उंचवटा दोऱ्यांनी बांधतातच, तो जुळला तर बाहेर वळवण्याची ताकद वाढते. हा सांधा निखळू शकतो. आणि एकदा बसवला की परतीची वाट अरुंद असते, म्हणून तरुण माणसात सर्जन आधी त्याचाच गोळा वाचवण्याची शिकस्त करतात.

ऑपरेशनच्या दिवशी

बहुतेकदा पूर्ण भूल देतात आणि जोडीला मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हाताच्या नसा बधिर करतात. त्यामुळे ऑपरेशननंतर कित्येक तास हात लाकडासारखा जड आणि बधिर असतो. त्याच बाजूची पापणी थोडी उतरू शकते, आवाज घोगरा होऊ शकतो. हे औषध उतरलं की जातं. पण या इंजेक्शनने त्या बाजूचा श्वासपटलही काही तास सुस्तावतो. फुप्फुसांचा मोठा आजार असेल तर भूलतज्ज्ञांना हे आधी स्पष्ट सांगायलाच हवं. रुग्णाला आरामखुर्चीत रेलल्यासारखं अर्धवट बसवून ऑपरेशन करतात.

धोके सांगताना मी काही लपवत नाही. जंतुसंसर्ग होऊ शकतो. खांद्याच्या कातडीत खोलवर राहणारे काही जंतू इतके संथ वाढतात की महिन्यांनंतर नुसतं दुखणं आणि आखडणं एवढंच दिसतं. नसेला धक्का बसू शकतो. अनेकदा तो पडतानाच बसलेला असतो, म्हणून ऑपरेशनच्या आधी दंडाच्या बाहेरच्या बाजूला बोट फिरवून 'इथे कळतंय का?' असं विचारतात आणि लिहून ठेवतात. बहुतेक नसा काही महिन्यांत जाग्या होतात. गोळा वर्ष-दोन वर्षांनीही वाळू शकतो. आणि खांदा आखडणं तर कुठल्याही उपचारात ठरलेलंच, कमी किंवा जास्त.

झोळीपासून भिंतीपर्यंत

ऑपरेशन होवो न होवो, पुढची वाट बरीचशी सारखी आहे. पहिले काही दिवस पाठीला उशा लावून, अर्धवट बसूनच झोप लागते, आडवं पडलं की खांदा ओढला जातो. कोपराखाली, पाठीमागे छोटी उशी ठेवली की बरं वाटतं. बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवत राहायचं, नाहीतर हात सुजून मूठ वळेनाशी होते. काख रोज पुसून कोरडी करायची. त्यासाठी कमरेत वाकून हात मोकळा लोंबू द्यायचा म्हणजे काखेत आपोआप जागा होते.

तोच लोंबता हात म्हणजे पहिला व्यायाम. साधारण एक-दोन आठवड्यांनी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, चांगल्या हाताने टेबलाचा आधार घ्यायचा, पुढे वाकायचं आणि दुखरा हात लंबकासारखा झुलू द्यायचा. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात: खांद्याच्या जोराने हात फिरवतात. हलवायचं अंग, पायांवर झुलून. हात नुसता अंगाच्या मागोमाग यायला हवा, ओल्या टॉवेलसारखा सैल. पुढे दुसऱ्या हाताने किंवा काठीने उचलायचं. साधारण सहा आठवड्यांनी, एक्स-रेत हाड जुळताना दिसलं की, स्वतःच्या जोरावर उचलायचं. वजन आणि ताकदीचे व्यायाम तीन महिन्यांच्या आसपास. उलट्या सांध्याचं आणि दोऱ्यांनी बांधलेल्या उंचवट्याचं वेळापत्रक वेगळं असू शकतं, ते आपल्या सर्जनकडूनच घ्यावं.

बोटांनी भिंत चढण्याचा व्यायाम करताना रोज जिथवर बोटं पोचतील तिथे पेन्सिलने खूण करावी. कालच्यापेक्षा आज काहीच फरक नाही असं वाटतं, पण तीन आठवड्यांपूर्वीची खूण खाली कुठेतरी दिसते. सुधारणा वर्षभर होत राहते. सगळ्यांचाच हात पूर्वीइतका वर जात नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. डोक्याला, तोंडाला आणि विरुद्ध काखेत हात पोचला तर रोजची बहुतेक कामं होतात.

राहता राहिलं ते एक, आणि नेमकं तेच विसरलं जातं. उभ्या उंचीवरून पडून ज्याचं हाड मोडलं, त्याची हाडं ठिसूळ झालेली असण्याची दाट शक्यता असते. खांद्याच्या अशा फ्रॅक्चरनंतरच्या पहिल्या वर्षात खुब्याचं हाड मोडण्याचा धोका कित्येक पटींनी वाढलेला असतो. प्लेट लावली, टाके निघाले, व्यायाम सुरू झाला, आणि हाडांची घनता कुणी तपासलीच नाही, असे रुग्ण मला दरवर्षी भेटतात, त्यातले काही खुबा मोडून. म्हणून टाके काढायला जाल त्याच दिवशी विचारा: "घनतेची तपासणी आणि हाडं बळकट करणारं औषध कधी सुरू करायचं?" आणि उत्तर त्याच कागदावर लिहून घ्या.